दोन बीटल, एक कॅलिपर: गोव्याच्या हवेत मोटारींची किटे जोडण्याची आणि पारखण्याची पद्धत

मोटारीचे प्लास्टिकचे किट जोडणे आणि एकाच मोटारीची दोन किटे शेजारी ठेवून पारखणे, ही दोन्ही कामे एकाच मेजावर शिकावीत, असे माझे मत आहे. खोक्यावरचे चित्र पाहून किंवा आतील भागांची संख्या मोजून किटाची योग्यता ठरत नाही. भाग स्प्रूवरून, म्हणजे ते ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिच्यावरून, सोडवून, न चिकटवता एकमेकांत बसवून पाहिले, की साचा करणाऱ्याने मूळ गाडी किती बारकाईने पाहिली होती ते हातालाच कळते. तुलना करताना मी एकच प्रश्न सतत समोर ठेवतो: हा दोष मला घरच्या मेजावर दुरुस्त करता येईल का? बंपर जाड असेल तर तो घासता येतो आणि डॅशबोर्ड सपाट असेल तर त्यावर काम करता येते. परंतु टपाची कमानच चुकली असेल, तर ती सुधारणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे असते. म्हणून आधी आकार, मग जोड आणि शेवटी बारकावे, या क्रमाने किटाकडे पाहावे.

या लेखात फोक्सवॅगन बीटल ही एकच गाडी उदाहरणादाखल घेतली आहे. तामिया आणि हासेगावा या जपानी कंपन्यांनी आणि जर्मनीच्या रेव्हेलने तिची १/२४ प्रमाणातील किटे काढलेली आहेत, त्यामुळे तुलनेला भरपूर वाव मिळतो. दुसरे कारण गोव्याचे आहे. १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमदानीत येथे युरोपीय गाड्या आयात होत असत आणि त्यांतील काही गाड्या अजूनही जुन्या घरांच्या आवारात जपून ठेवलेल्या दिसतात. फोंडा तालुक्यातील आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, एका घरी अशी एक बीटल आहे. त्या घरच्या काकांची परवानगी घेऊन मी ती टेपने मोजली, तेव्हापासून किटांकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली.

किट घेण्यापूर्वी

प्रमाण म्हणजे काय हे आधी पक्के समजून घ्यावे. १/२४ प्रमाणात किटावरील १ मिलिमीटर हा खऱ्या गाडीवरील २४ मिलिमीटरांच्या बरोबर असतो. जपानी आणि युरोपीय कंपन्यांची मोटारींची बहुतेक किटे याच प्रमाणात निघतात, तर एएमटी आणि एमपीसी या अमेरिकी नावांच्या किटांत १/२५ हे प्रमाण रूढ आहे. आकड्यातील हा फरक क्षुल्लक वाटतो, परंतु चार मीटर लांबीच्या गाडीत तो जवळजवळ सात मिलिमीटरांचा होतो आणि दोन्ही मॉडेले एका फळीवर ठेवली की लगेच डोळ्यांत भरतो. तुलना करावयाची असेल तर दोन्ही किटे एकाच प्रमाणाची घ्यावीत.

त्यानंतर गाडीचे साल पाहावे. नवशिक्याची सर्वांत मोठी चूक येथे होते. तामियाच्या किटावर १९६६ हे साल आहे, हासेगावाच्या एका किटावर १९६७, तर रेव्हेलच्या एका किटावर १९६८. बीटल बाहेरून वर्षानुवर्षे तशीच राहिली असा समज आहे, पण तो खरा नाही. मागची काच १९५३ पर्यंत मध्ये पट्टी असलेली दुभंगलेली होती, १९५७ पर्यंत ती लंबगोल राहिली आणि त्यानंतर मोठी आयताकार झाली. १९६५ च्या मॉडेलपासून सगळ्याच काचा वाढविण्यात आल्या. युरोपात १९६८ च्या मॉडेलपासून हेडलाइट उभे झाले आणि बंपर उंच व कोनदार झाले. म्हणून एका किटातील हेडलाइट तिरपे आणि दुसऱ्यातील उभे असतील, तर त्यांतील एक चुकीचे आहे असा निष्कर्ष काढू नये; ती दोन वेगवेगळ्या सालांची चित्रे आहेत. आमच्या वाड्यावरील गाडी १९६१ पूर्वीची असल्यामुळे तिच्या काचा १९६६ च्या किटापेक्षा लहान आहेत. आजोबांच्या काळातील गाडी जशीच्या तशी करू इच्छिणाऱ्याने हे लक्षात ठेवावे, कारण मोठी काच लहान करण्यासाठी खांब जाड करावे लागतात आणि ते पहिल्या किटाचे काम नव्हे.

खोक्यावरचे साल गाडीचे असते. साच्याचे वय निराळे असते आणि तेही पाहावे लागते. एकच साचा अनेक वर्षे चालतो आणि कधी कधी दुसऱ्या कंपनीच्या खोक्यातूनही विकला जातो, त्यामुळे दोन वेगळी किटे म्हणून घेतलेली वस्तू आतून एकच निघू शकते. स्केलमेट्स या संकेतस्थळावर किटाच्या साच्याचा इतिहास सालवार मांडलेला असतो. मागणी नोंदविण्यापूर्वी तो पाहून घ्यावा. १९७० आणि १९८० च्या दशकांतील पुष्कळ जपानी किटे आत लहान मोटर आणि बॅटरी बसविण्यासाठी आखलेली होती. त्यांची बाह्य बॉडी उत्तम असली, तरी चेसिसमध्ये बॅटरीचा खोका आणि बैठकीखाली उथळ तळ आढळतो. अशा किटाला इंजिन नसते. ज्या किटात बॉनेट उघडत नाही आणि इंजिन दिलेले नसते त्याला छंदातील लोक कर्बसाइड म्हणतात. इंजिन नाही म्हणून किट हलके ठरत नाही, उलट पहिल्या जोडणीसाठी मी असेच किट सुचवीन, कारण सगळे लक्ष बॉडी आणि रंग यांवर देता येते.

गोव्यात राहणाऱ्याला किटे बहुधा मुंबई किंवा बंगळूरच्या दुकानांतून किंवा ऑनलाइन मागवावी लागतात. किट कुरिअरने सहज येते, परंतु रंगाचे स्प्रे डबे ज्वालाग्राही असल्यामुळे विमानाने पाठविता येत नाहीत आणि रस्त्याने यावयास वेळ लागतो. रंग हिवाळ्यात वापरावयाचे असतील तर ते आधीच मागवून ठेवावेत.

मेजावरील साधने

आरंभीला फार साहित्य लागत नाही. स्प्रू कापण्याचा धारदार निपर, पातळ पात्याची सुरी, चिमटा, बारीक कानशी, ४०० पासून २००० पर्यंतचे पॉलिश पेपर, मास्किंग टेप, पॉलिस्टायरीनसाठीचा (म्हणजे किटाच्या प्लास्टिकसाठीचा) पातळ सिमेंट आणि बारीक मापे घेण्याचा व्हर्निअर कॅलिपर एवढ्यावर काम सुरू होते. कॅलिपरवर मी मुद्दाम भर देतो, कारण त्याच्याशिवाय तुलना ही केवळ आवडीनिवडीची गोष्ट होऊन बसते.

चिकटविण्याच्या द्रव्यांतील फरक समजून घ्यावा. प्लास्टिकचा सिमेंट हा गोंद नव्हे. तो दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतो, म्हणून रंग लावलेल्या किंवा क्रोम केलेल्या भागावर तो धरत नाही. तेथील थर आधी खरवडून काढावा लागतो. फेव्हिक्विकसारखा झटपट गोंद धातूच्या भागांना उपयोगी पडतो, पण त्याच्या वाफेने काचेच्या भागांवर पांढरी साय चढते. काचा बसविण्यासाठी घरातला साधा फेव्हिकॉल उत्तम चालतो: तो सुकल्यावर पारदर्शक होतो आणि चुकून सांडला तर ओल्या कापसाने पुसता येतो. हार्डवेअरच्या दुकानातील एनसी थिनर मात्र उघड्या पॉलिस्टायरीनवर वापरू नये, कारण त्याने पृष्ठभागावर तडे जातात.

खोके उघडल्यावर: मापे

दोन्ही किटांची बॉडी स्प्रूवरून सोडविण्याआधी भांडी घासण्याच्या साबणाने आणि कोमट पाण्याने भाग धुवावेत, कारण साच्यातून भाग सुटावा म्हणून वापरलेले तेलकट द्रव्य त्यांवर राहिलेले असते आणि ते रंगाला धरू देत नाही. भाग सुकले की मापे घ्यावयास बसावे.

बीटलच्या बाबतीत निसर्गाने नव्हे, पण अभियंत्यांनी आपल्याला एक सुंदर सोय करून ठेवली आहे. तिच्या पुढच्या आणि मागच्या आसांमधील अंतर २४०० मिलिमीटर आहे. त्यामुळे १/२४ च्या किटात ते बरोबर १०० मिलिमीटर आले पाहिजे, तर १/२५ मध्ये ९६. चेसिसला आस तात्पुरते लावून दोन्ही बाजूंनी हे अंतर मोजावे. १०० ऐवजी ९९.५ आले तर काळजीचे कारण नाही. परंतु ९७ किंवा ९८ आले, तर खोक्यावरील प्रमाण विश्वासार्ह नाही असे समजावे. त्यानंतर लांबी पाहावी: १९६६ ची बीटल सुमारे ४०७० मिलिमीटर लांब होती, म्हणजे किटात ती बंपरांसह जवळपास १६९.६ मिलिमीटर भरावी. रुंदी सुमारे १५४० मिलिमीटर, म्हणजे ६४ पेक्षा किंचित अधिक. उंची मोजताना गडबड करू नये, कारण ती चाके कशी बसली आहेत यावर अवलंबून असते आणि अनेक किटांत गाडी खऱ्यापेक्षा उंच उभी राहते. हा दोष दुरुस्त होणारा आहे: आसाची जागा एखाद्या मिलिमीटरने वर घेतली की झाले.

चाकांकडे विशेष लक्ष द्यावे. बीटलच्या रिमचा नाममात्र व्यास १५ इंच, म्हणजे ३८१ मिलिमीटर आहे आणि प्रमाणात तो १५.९ मिलिमीटर होतो. बाहेरची कड धरून तो थोडा अधिक दिसेल. चाक दोन मिलिमीटरांनी मोठे असले, तरी सगळी गाडी खेळण्यासारखी दिसू लागते, आणि नेमके कशाने तसे दिसते हे पाहणाऱ्याला सांगता येत नाही. आपल्या गाडीचे रिम, लांबी आणि आसांमधील अंतर कंपनीच्या माहितीपत्रकांत मिळते. मारुती जिप्सीशी नाते असलेली सुझुकी जिम्नी जेए११ ही गाडी हासेगावाने १/२४ मध्ये काढली आहे. जिप्सी आमच्याकडील डोंगराळ भागांतील रस्त्यांवर सर्वांच्या ओळखीची असल्यामुळे, जिम्नीचे हे किट घेणाऱ्याला खरी गाडी मोजण्याचा मोह होईल. मात्र जिप्सीची चेसिस लांब होती, म्हणून दोहोंची मापे एकच धरू नयेत.

मापे झाली की जोड तपासावेत. बॉडी चेसिसवर, बॉनेट बॉडीवर, काच चौकटीत, असे सगळे मोठे भाग न चिकटवता, मास्किंग टेपने धरून बसवून पाहावेत. फट कोठे राहते, भाग दाबल्यावर परत उसळतो का, काचेची जाडी किती आहे आणि ती चौकटीशी समपातळीत बसते का, हे त्या वेळी टिपून ठेवावे. चिकटविल्यानंतर केलेल्या नोंदीत किटाचा दोष कोणता आणि आपल्या हाताचा कोणता, याची सरमिसळ होते. मला सुरुवातीच्या काळात एका किटाचे मडगार्ड वाकडे वाटले होते आणि मी ते किटाच्या नावे लिहूनही ठेवले होते. पुढे कळले की स्प्रूचा राहिलेला एक लहानसा तुकडा खाचेत अडकला होता.

पावसाळा जोडणीसाठी

गोव्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेत जी ओल असते, ती या छंदाचे वेळापत्रक ठरविते. लॅकर जातीचा रंग फवारला की त्यातील द्रावक झपाट्याने उडते, त्यामुळे पृष्ठभाग थंड पडतो आणि हवेतील बाष्प ओल्या थरात उतरते. परिणामी चकचकीत काळ्या बॉनेटवर दुधाळ ढग उमटतो. जुलै महिन्यातील एका सायंकाळी पाऊस थांबला म्हणून मी राजांगणात, म्हणजे घराच्या मधल्या चौकात, बसून एका बॉडीवर रंग फवारला होता आणि दुसऱ्या दिवशी सगळा रंग काढून पुन्हा सुरुवात करावी लागली. सावकाश सुकणारे रिटार्डर थिनर वापरून हा दोष कमी करता येतो, परंतु पहिल्या किटावर हा धोका पत्करू नये. एक स्वस्त आर्द्रतामापक मेजावर ठेवावा. त्याचा काटा ६५ टक्क्यांच्या वर असेल तर मी बॉडीला हात लावत नाही.

म्हणून माझे वर्ष दोन भागांत वाटलेले असते. पावसाळ्यात साचेरेषा घासणे, खोलगट खुणा पुट्टीने भरणे, इंजिन आणि आतील भाग ब्रशने रंगविणे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बॉडीचा रंग. मध्ये चवथ (गणेश चतुर्थी) येते, गणपतीवर बांधावयाच्या माटोळीची तयारी आणि पाहुण्यांची वर्दळ असते, तेव्हा मेज आवरून ठेवलेलेच बरे. सगळे लहान भाग नाव लिहिलेल्या झाकणाच्या डब्यांत घालावेत, नाहीतर एखादा आरसा सुपलीतून केरात जातो.

साचा दोन अर्ध्यांचा असल्यामुळे जेथे ते अर्धे भेटतात तेथे बॉडीवर बारीक उंचवटा राहतो; हीच साचेरेषा. बीटलवर तो मडगार्डांच्या कमानींवर आणि टपाच्या कडेला शोधावा. डोळ्यांना दिसला नाही तरी नखाला लागतो. ६०० च्या पॉलिश पेपरने तो उतरवून १००० ने गुळगुळीत करावा. घासताना कागद चपट्या रबरावर गुंडाळावा, बोटावर नव्हे. बोटाचा दाब सारखा नसतो आणि कमानीवर सपाट डाग पडतो. बीटलमध्ये सगळा आकारच वळणांचा असल्यामुळे असा डाग चमकदार रंगाखाली लगेच उघडा पडतो.

रंग देण्यापूर्वीचे एक काम बहुतेक जण टाळतात आणि नंतर पस्तावतात. दार, बॉनेट आणि डिकी यांभोवतीच्या रेषा रंगापूर्वी थोड्या खोल कराव्यात. गणित साधे आहे. खऱ्या गाडीवरील दाराची फट साधारण ४ मिलिमीटरांची असते, म्हणजे १/२४ मध्ये ती ०.१७ मिलिमीटर होते. प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक थर मिळून ०.१ मिलिमीटर जाडी सहज भरते, जी खऱ्या गाडीवर २.४ मिलिमीटरांच्या थराबरोबर झाली. एवढा थर त्या चिमुकल्या रेषेत उतरला की दार जणू बॉडीतच कोरलेले दिसते. रेषा खोल करण्यासाठी खास खरवडणी मिळते; ती नसेल तर जुन्या सुरीच्या पात्याची पाठ चालते. हलक्या हाताने चार-पाच वेळा फिरवावे. एकदाच जोर लावला तर पाते रेषेबाहेर घसरते.

हिवाळा रंगासाठी

दिवाळीनंतर हवा कोरडी झाली, की बॉडीला प्रायमर द्यावा. प्रायमर हा रंगाला धरून ठेवतोच, शिवाय तो घासण्यातील सगळ्या चुका एकसारख्या करड्या रंगात उघड्या करून दाखवितो. लाल किंवा गडद रंगाच्या प्लास्टिकवर पांढरा किंवा फिकट रंग देताना खालचा रंग वर फुटून येतो आणि गाडी गुलाबी पडते. अशा वेळी आधी चंदेरी रंगाचा एक पातळ थर द्यावा.

डब्यावरील रंगाची जात नीट वाचावी. तामियाचे टीएस स्प्रे या कामासाठी आहेत. पीएस स्प्रे रिमोटवर चालणाऱ्या गाड्यांच्या पॉलिकार्बोनेट बॉडीसाठी आहेत आणि ते येथे वापरू नयेत. डबा वापरण्यापूर्वी काही मिनिटे कोमट पाण्यात ठेवावा, उकळत्या पाण्यात किंवा आगीजवळ कधीही नेऊ नये. बॉडीपासून पंधरा ते वीस सेंटिमीटर अंतर ठेवून, फवारा बॉडीच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवावा. पहिला थर नुसता धुक्यासारखा असावा आणि खालचा प्रायमर त्यातून दिसला तरी चालेल. पंधरा-वीस मिनिटांनी दुसरा आणि तिसरा थर थोडा ओला द्यावा. रंग एकाच थरात झाकून टाकण्याची घाई केली की तो दारांच्या खालच्या कडेला ओघळतो. पूर्वी प्लास्टिकच्या चमच्यांवर रंगाची चाचणी घेण्याची पद्धत होती. १ जुलै २०२२ पासून एकवापर प्लास्टिकचे चमचे बंद झाल्यामुळे मी आता किटात उरलेले भाग आणि रुंद स्प्रू राखून ठेवतो आणि त्यांवरच रंग पाहतो. हे अधिक योग्यही आहे, कारण चाचणी त्याच प्लास्टिकवर होते.

फवारताना सेंद्रिय वाफा अडविणारा मास्क लावावा. धुळीसाठीचा कापडी मास्क येथे कामाचा नाही. गोव्यातील घरांना उंच खिडक्या आणि मोकळे अंगण असते म्हणून वारा पुरेसा आहे असे वाटते, परंतु त्याच वाऱ्याने धूळ ओल्या रंगावर बसते. मी एका मोठ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात मागच्या बाजूला एक्झॉस्ट पंखा बसविला आहे आणि फवारण्याआधी फरशी ओल्या फडक्याने पुसून घेतो.

एअरब्रश वापरणाऱ्याने कंप्रेसरच्या नळीत पाणी अडविणारा सापळा बसवावाच. किनाऱ्याजवळच्या तालुक्यांत हिवाळ्यातही सकाळी दव असते, म्हणून काम अकरानंतर सुरू करावे आणि दिवे लागण्यापूर्वी संपवावे.

रंगानंतर धीर धरणे हे सर्वांत कठीण काम आहे. किमान एक पूर्ण दिवस बॉडी झाकून ठेवावी आणि त्यानंतर पाण्यावर सोडविण्याचे डिकल, म्हणजे चिन्हे व अक्षरे छापलेली पातळ चित्रे, लावावेत. वळणावरील डिकल मऊ करणारे द्रव लावून ओल्या ब्रशने बसवावे. बोटाने दाबू नये. पारदर्शक थर दिल्यावर मी निदान दहा दिवस थांबतो. नाकाजवळ नेल्यावर द्रावकाचा वास येत असेल तर थर आतून अजून ओला आहे. पुढे २००० चा पेपर पाण्यात बुडवून हलकेच फिरवावा, कडा आणि रेषांच्या ओठांवरून तो नेऊ नये, आणि मग जाड, बारीक व शेवटच्या प्रतीची पॉलिश पेस्ट या क्रमाने मऊ कापडाने घासावे. कडेवरचा रंग क्षणात उडतो. हे मी तीनदा अनुभवले आहे, म्हणून आता कडांना अरुंद मास्किंग टेप लावूनच घासायला बसतो.

खिडक्यांभोवतीच्या चंदेरी पट्ट्यांना अतिपातळ चिकट फॉइल सर्वांत उत्तम दिसते. तुकडा पट्टीपेक्षा मोठा कापून, कापसाच्या काडीने दाबून बसवावा आणि नव्या पात्याने कडेने कापावा. प्रत्येक खिडकीसाठी नवे पाते घ्यावे.

एकाच अंतरावरून पाहणे

दोन्ही बीटल तयार झाल्यावर त्या खऱ्या गाडीशी ताडून पाहाव्यात आणि त्यासाठी छायाचित्रासारखे साधन नाही. मात्र छायाचित्र कसे काढावे हे बहुतेकांना ठाऊक नसते. मोबाइल मॉडेलच्या नाकाशी नेला की पुढचे मडगार्ड फुगते आणि मागची बाजू आक्रसते, आणि मग दोष किटाला दिला जातो. खऱ्या गाडीचे छायाचित्र सहा मीटरांवरून काढले असेल, तर १/२४ च्या मॉडेलचे छायाचित्र त्याच्या चोविसाव्या भागावरून, म्हणजे २५ सेंटिमीटरांवरून काढावे. कॅमेऱ्याची उंचीही त्याच हिशेबाने असावी: उभ्या माणसाच्या डोळ्यांची दीड मीटर उंची मेजावर ६.२५ सेंटिमीटर होते. वाड्यावरील गाडीसमोर मी टेपने सहा मीटर मोजून खडूने खूण केली, बाजूने, पुढून आणि तिरपे असे तीन फोटो काढले आणि नंतर त्याच कोनातून दोन्ही मॉडेलांचे फोटो काढून एकावर एक ठेवून पाहिले. तेव्हा ज्या किटाचे इंजिन मला खूप आवडले होते, त्याच्या टपाचा मागचा उतार खऱ्या गाडीपेक्षा सरळ आहे असे दिसले. आणि साधे म्हणून बाजूला ठेवलेले दुसरे किट रेषेला रेष जुळले. काकांनी तो दुसरा फोटो पाहून लगेच सांगितले, "ही आमची गाडी." काचांचा फरक त्यांना नंतर दिसला, आकार आधी.

नोंदवहीत मी प्रत्येक किटासाठी तीन परिच्छेद लिहितो आणि गुणांक देत नाही. पहिल्यात मापे आणि आकार, दुसऱ्यात न चिकटवता घेतलेली जोडाची परीक्षा, तिसऱ्यात बारकावे: इंजिन, बैठका, डॅशबोर्ड, डिकल, क्रोम. दहापैकी आठ असा आकडा लिहिला की टपाची चूक आणि जाड बंपर एकाच तराजूत बसतात, आणि पुढच्या वाचकाला त्यांतून काही कळत नाही. त्याऐवजी प्रत्येक दोषापुढे तो दुरुस्त करण्यास किती तास लागले, हे लिहावे. दोन्ही किटांवर रंग एकाच डब्यातला आणि प्रायमर एकच वापरावा, शक्य असेल तर दोन्ही बॉडी एकाच दुपारी फवाराव्यात. नाहीतर आपण किटांची नव्हे, रंगांची तुलना करून बसतो.

नंबर पाटी हे लहानसे काम असले तरी मॉडेलला गाव देते. आज फोंड्यात नोंदलेल्या गाडीवर जीए-०५ असते, पण जुन्या गाडीच्या पाटीसाठी घरातील अल्बममधला फोटो शोधावा आणि त्यावरील अक्षरांचे वळण जसेच्या तसे घ्यावे. पारदर्शक डिकल कागदावर लेझर प्रिंटरने छापलेली पाटी चांगली बसते.

जपणूक

जुन्या किटांचे टायर विनाइलचे असतात आणि त्यांतील मऊपणा आणणारे द्रव्य हळूहळू पाझरून पॉलिस्टायरीनचे रिम वितळविते. मे महिन्यातील उष्म्यात हे अधिक लवकर होते. रिमला रंगाचा किंवा फॉइलचा पातळ थर दिला की दोहोंचा थेट स्पर्श टळतो. खोक्यात टायर आणि काचा एकाच पिशवीत असतील तर किट घरी आल्याच दिवशी त्या वेगळ्या कराव्यात.

डिकलचा ताव पावसाळ्यात वरच्या कागदाला चिकटून बसतो. तो झिप पिशवीत सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावा आणि पुडी दर महिन्याला बदलावी. डिकल पिवळे पडले असतील, तर ताव पिशवीसकट खिडकीच्या काचेला आतून लावून आठवडाभर ऊन दाखवावे. पिवळेपणा बराच कमी होतो.

तयार मॉडेले काचेच्या दारांच्या कपाटात, थेट उन्हापासून दूर ठेवावीत. पावसाळ्यात आपल्या घरांतून कपाटांत कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या ठेवण्याची रीत आहे. त्या या कपाटात कधीही ठेवू नयेत, कारण त्यांच्या वाफेने पॉलिस्टायरीन मऊ पडते आणि रंगावर बोटांचे ठसे उठू लागतात. साड्यांच्या कपाटातील वरची फळी रिकामी आहे म्हणून मॉडेल तेथे ठेवण्याचा आग्रह घरातून होतो. तेव्हा हे कारण सांगून मॉडेलसाठी वेगळी जागा मागून घ्यावी, आणि त्या जागेत सिलिका जेलची एक मोठी पुडी व आर्द्रतामापक ठेवून द्यावा.